खाण कंपनीची ओपन ऑफर १४० ला, बाजारभाव १५२: द्यावेत, विकावेत की धरून ठेवावेत?

मांडवीकाठ (रत्नागिरी)

मंडळी, नमस्कार. सिंधुदुर्गात लोहखनिजाची एक खाण आणि आमच्या जिल्ह्यात बॉक्साइटचं एक छोटं लीज (खाणपट्टा), अशी एक लिस्टेड कंपनी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, आकडेही थोडे गोल केलेत. प्रवर्तक आपला ३८ टक्के हिस्सा एका पोलाद गटाला १४० रुपयांनी विकतायत. त्यामुळे बाकीच्या भागधारकांसाठी २६ टक्क्यांची ओपन ऑफर (त्याच गटाने आपले शेअर्स विकत घ्यायचा प्रस्ताव) आली आहे, तीही १४० ला. घोषणेआधी भाव १२६ च्या आसपास होता, सध्या १५१-१५३ मध्ये फिरतोय. लेटर ऑफ ऑफर मेलवर आलंय, टेंडरिंग, म्हणजे शेअर्स ऑफरमध्ये द्यायची मुदत, पुढच्या आठवड्यात सुरू.

घरात एकूण ८०० शेअर्स आहेत. माझ्या डिमॅटमध्ये ३००, दोन वर्षांपूर्वी सरासरी ८८ ला घेतलेले. बाकी ५०० कागदी सर्टिफिकेटं, १९९४ ची, वडील आणि आई यांच्या जोडनावावर. वडील आता नाहीत.

बाजारात १५२ मिळत असताना १४० ची ऑफर कशासाठी? नाही दिले तर पुढे जबरदस्तीने घेतात का? कागदी शेअर्सचं काय करायचं? आणि स्वतंत्र संचालकांच्या समितीने भाव ‘रास्त व वाजवी’ म्हटलंय, त्याला किती किंमत द्यायची?


डिमॅटवाला (कुडाळ)

डिमॅटमधले ३०० ऑफरमध्ये देऊ नका, निदान आजच्या भावाला तरी नाही. बाजार १५२ देतोय तिथे १४० ला दिलेत तर सरळ ३,६०० रुपये सोडलेत, आणि ते सगळे घेतील याची खात्रीही नाही.

खात्री का नाही ते बघा. ऑफर एकूण भांडवलाच्या २६ टक्क्यांची आहे. प्रवर्तकांचे ३८ वजा केले तर लोकांकडे ६२ उरतात. सगळ्यांनी दिले तर २६ भागिले ६२, म्हणजे शंभरातले जेमतेम ४२ घेतले जातील; तुमच्या ३०० पैकी १२५-१२६. उरलेले खात्यात परत मोकळे होतात. प्रत्यक्षात सगळे कधीच देत नाहीत, बाजारभाव वर असला की तर फारच कमी येतात, तेव्हा प्रमाण वाढतं. पण तेव्हा देण्यात शहाणपणही नसतं.

१४० का? सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांत किमान भाव ठरवायची पद्धत बांधून दिलेली आहे. प्रवर्तकाशी ठरलेला भाव, खरेदीदाराने मागच्या ५२ आठवड्यांत दिलेला सरासरी भाव, मागच्या २६ आठवड्यांत दिलेला सर्वांत जास्त भाव, आणि जाहीर घोषणेआधीच्या ६० व्यवहार-दिवसांचा उलाढालीनुसार सरासरी बाजारभाव. शेअरमध्ये पुरेशी उलाढाल असेल तर यातला जो सर्वांत मोठा तो किमान भाव. म्हणजे घड्याळ घोषणेच्या दिवशी थांबतं. नंतर खनिजाचा भाव चढला, शेअर चढला, तरी खरेदीदारावर १४० च्या वर जायची सक्ती नाही.

मनात आलं तर तो वाढवू शकतो, पण टेंडरिंग सुरू व्हायच्या एक कामकाजाचा दिवस आधीपर्यंतच. प्रतिस्पर्धी ऑफर यायची मुदत सविस्तर जाहीर निवेदनानंतर १५ कामकाजाचे दिवस असते, ती तुमच्या बाबतीत उलटून गेली आहे. तेव्हा १५२ मध्ये ‘भाव वाढवतील’ ही आशा किती मुरलीय ते पुढच्या आठवड्यात कळेल. वाढवला नाही तर या आशेवर घेतलेले लोक बाहेर पडतात आणि भाव १४० कडे सरकू शकतो. विकायचंच असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

एकदा टेंडर केलं की मागे घेता येत नाही. खिडकी १० कामकाजाचे दिवस उघडी असते. देणारच असाल तर पहिल्या दिवशी उडी मारण्यात काहीच फायदा नाही, आधी येईल त्याला आधी असा प्रकार नसतो. आठव्या-नवव्या दिवशी बाजारभाव बघून ठरवा. दहाव्यावर टाकू नका, बहुतेक ब्रोकर शेवटच्या दिवशी दुपारीच, काही तर आदल्या दिवशीच, विनंत्या घेणं बंद करतात.

जबरदस्ती नाही. ओपन ऑफर नाकारली म्हणून लिस्टेड कंपनीत कुणाचे शेअर्स जात नाहीत.


कातळसडा (सावंतवाडी)

वरचं गणित बरोबर आहे, पण ते फक्त पुढच्या तीन आठवड्यांचं. धरून ठेवायचे का, हा प्रश्न खाणीचा आहे. कारखाना वीस वर्षांनीही उभा असतो. खाण रोज थोडी थोडी संपत असते, आणि त्याआधी तिचं लीज संपू शकतं.

वार्षिक अहवाल उघडा आणि सर्वांत आधी लीजची तारीख शोधा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाण कायद्यात कलम ८ अ आलं. जुनी लीजं दिल्या तारखेपासून ५० वर्षं धरली जातात. ती मुदत त्याआधी संपत असेल तर स्वतःच्या कारखान्यासाठीच्या खाणींना ३१ मार्च २०३० ही तारीख लागू होते, बाजारात खनिज विकणाऱ्यांना ती ३१ मार्च २०२० होती. म्हणजे १९८३ चं लीज असेल तर २०३३ पर्यंत. नंतर लिलाव. लिलावात तीच खाण परत मिळाली तरी विक्रीच्या किमतीचा बोलीत ठरलेला टक्केवारी-हिस्सा सरकारला प्रीमियम म्हणून द्यावा लागतो, तेव्हा आजचा नफा तसाच पुढे ओढून धरायचा नाही.

मग पर्यावरण मंजुरीत वर्षाला किती टन काढायची परवानगी आहे ते बघा. जमिनीत कितीही असलं तरी त्या आकड्याच्या वर काढता येत नाही. समजा मंजुरी ६ लाख टनांची आणि लीजची ८ वर्षं उरलीत, तर जास्तीत जास्त ४८ लाख टन. ‘आमच्याकडे २ कोटी टन साठा’ हे वाक्य मग बाजूला ठेवायचं. साठ्यातही १११ क्रमांकाचा म्हणजे सिद्ध झालेला किती आणि ३३३ म्हणजे नुसता अंदाजाचा किती, ते वेगळं दिलेलं असतं. ३३३ ला भाव देऊ नका.

टनामागचा नफा काढताना रॉयल्टी (खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायची रक्कम) भारतीय खाण ब्युरोच्या सरासरी विक्रीदरावर १५ टक्के, आणि २०१५ च्या आधीचं लीज असेल तर रॉयल्टीच्या ३० टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानला. दोन्ही मिळून सरासरी दराच्या साडेएकोणीस टक्के इथेच गेले. आपल्याकडचं बरंचसं खनिज ५८ टक्के लोहाच्या खालचं, त्यामुळे निर्यातशुल्काची टांगती तलवार कायम. मे २०२२ मध्ये सरकारने एका झटक्यात ५० टक्के शुल्क लावलं होतं, नोव्हेंबरमध्ये ५८ च्या खालच्या मालावरचं काढून टाकलं. मधल्या सहा महिन्यांत निर्यातीवर जगणाऱ्यांचं काय झालं असेल ते त्या वर्षीच्या तिमाही निकालांत वाचा.

एक गोष्ट बाहेरच्या गुंतवणूकदारांना कळत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खाणीत पाणी, रस्त्यावर चिखल, आणि माल वाहणाऱ्या बोटी (बार्ज) पण बंद. ऑक्टोबर ते मे हाच हंगाम. जानेवारी-मार्चचा नफा गुणिले चार करून ‘शेअर स्वस्त आहे’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. उलटही तपासा: ज्या ६० दिवसांच्या सरासरीवर किमान भाव ठरला ते दिवस पावसाळ्यातले असतील तर ती सरासरी मुळातच बसकी असू शकते.

यापेक्षा मोठ्या दोन गोष्टी अहवालाच्या मागच्या टिपांमध्ये बारीक अक्षरात सापडतील. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंजुरीपेक्षा जास्त काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत वसूल करता येते. ‘संभाव्य देणी’ या टिपेत जिल्हाधिकाऱ्यांच्या नोटिशीचा काही आकडा आहे का, तो बघा. दुसरं, जुलै २०२४ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल: रॉयल्टी हा कर नाही, खनिजहक्कावर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे. वसुली १ एप्रिल २००५ पासूनची करता येईल, हप्ते १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत. महाराष्ट्र यातलं काय आणि किती वापरतो हे उद्याचं, पण एकाच खाणीवर चालणाऱ्या कंपनीला असा बोजा पेलवत नाही.

आणि गावाचं नाव. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात खाणकामावर पूर्ण बंदी आहे. चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा बंद करायच्या. खाण ज्या गावात आहे ते गाव यादीत आहे का, हे तलाठ्याला विचारायचं काम नाही, मसुद्याच्या परिशिष्टात गाववार यादी आहे. रेडीसारखं किनाऱ्याचं गाव आणि घाटाच्या कुशीतलं दोडामार्गकडचं गाव यांच्या जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक.

एका लीजवर चालणारी आणि लीजची दहाएक वर्षंच उरलेली कंपनी असेल तर १५२ हा वाईट भाव नाही. मी विकायच्या बाजूने.


तेरेखोल (बांदा)

कातळसडा यांच्याशी थोडा असहमत. पोलादवाला ३८ टक्क्यांसाठी एवढे पैसे मोजतोय ते लीजची तारीख न वाचता नाही. त्याला खनिज हवंय. प्रश्न एवढाच की त्याला जे हवंय त्यातलं आपल्याला काही मिळेल का.

शेजारी गोव्यात बघा. २००७ मध्ये मित्सुईचा सेसा गोवामधला ५१ टक्के हिस्सा वेदांताने ९८ कोटी १० लाख डॉलरला घेतला. तेव्हाच्या १९९७ च्या नियमाने बाकीच्यांसाठी फक्त २० टक्क्यांची ऑफर होती. पाच वर्षांनी, सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद. एप्रिल २०१४ ला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, तर फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ लीजांची नूतनीकरणंच रद्द केली. सेसाच्या भागधारकांचं दिवाळं निघालं नाही, कारण २०१३ मध्ये तिच्यात स्टरलाइट विलीन होऊन जस्त, तेल, ॲल्युमिनियम अशी दुसरी दालनं आत आली होती. नुसती गोव्याची खाण असती तर? तेव्हा खरेदीदार कोण आणि त्याच्याकडे दुसरं काय आहे, हेही भावाइतकंच महत्त्वाचं.

भाव वाढवून मिळतो का, तर कधीकधी मिळतो, पण तो थांबल्याने, भांडल्याने नव्हे. वेदांताने २०२० मध्ये ८७.५० च्या आसपास शेअर बाजारातून काढून घ्यायचा प्रयत्न केला. एलआयसीने ३२० ची बोली लावली आणि ऑक्टोबरात तो बेत फसला. जानेवारी २०२१ ला त्याच गटाने १६० ची ऐच्छिक ओपन ऑफर आणली आणि मार्चमध्ये ती २३५ केली. मात्र २०२० चं ते डीलिस्टिंग होतं, म्हणजे शेअर बाजारातूनच काढून घेणं; भाव भागधारकांच्या बोलीतून ठरत होता आणि समोर एलआयसीसारखा गडी होता. तुमच्या कंपनीत मोठी संस्था किती टक्के धरून आहे? शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये एकही म्युच्युअल फंड नसेल तर १४० च्या वर ढकलणारा कुणी नाही असं समजा.

पूर्वीपेक्षा एक गोष्ट आपल्या बाजूची झाली आहे. जुन्या नियमांत प्रवर्तकाला ‘स्पर्धा न करण्याचा मोबदला’ म्हणून वेगळे पैसे देता यायचे. केर्न इंडियाच्या व्यवहारात २०१० ला कबूल झालेले ४०५ होते, त्यात ५० रुपये या नावाचे, आणि लोकांना ऑफर ३५५ ची. पुढे गवगवा होऊन ते ५० सोडून द्यावे लागले. २०११ च्या नियमांनी ही पळवाटच बुजवली. प्रवर्तकाला कुठल्याही नावाने जास्त दिलं की तेच सगळ्यांना द्यावं लागतं. तरीही लेटर ऑफ ऑफरमध्ये शेअर-खरेदी कराराचा सारांश असतो तो वाचा. जेट्टीची जमीन, ट्रकांचं कंत्राट, सल्लागार म्हणून तीन वर्षांचा पगार, असं काही प्रवर्तकाच्या पदरात पडत असेल तर ऑफर हाताळणाऱ्या मर्चंट बँकरला लेखी विचारा.

ऑफर संपल्यावर २६ आठवड्यांच्या आत खरेदीदाराने १४० पेक्षा जास्त दराने कुणाकडून शेअर्स घेतले, तर फरक टेंडर केलेल्यांनाही ६० दिवसांत द्यावा लागतो. बाजारात नेहमीच्या पद्धतीने घेतले तर नाही; ब्लॉक किंवा बल्क डीलने, म्हणजे एकगठ्ठा मोठ्या सौद्याने, घेतले तर मात्र हो.


मांडवीकाठ (रत्नागिरी)

सगळ्यांचे आभार. अहवालात लीज २०३४ पर्यंत दिसतंय, मंजुरी साडेपाच लाख टन. फंड एकही नाही, विमा कंपनी एक, पावणेदोन टक्के. खरेदीदाराकडे टक्केवारी वाढली की आणखी एक ऑफर येईल, असं एका परिचितांचं म्हणणं आहे. आणि कागदी ५०० वर कुणीतरी बोला.


गडनदी (कणकवली)

दुसऱ्या ऑफरच्या भरवशावर बसू नका. २५ ते ७५ टक्क्यांच्या मध्ये असलेल्याला दर आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपर्यंत ऑफर न देता वाढवता येतं. हा ६४ वर पोचला तर दोन-तीन वर्षांत गुपचूप ७५ ला जाईल. ७५ च्या वर न्यायचं तर लोकांकडे किमान २५ टक्के ठेवायचा नियम आडवा येतो. कंपनी बाजारातून काढून घ्यायचा विचार असेल तर तो लेटर ऑफ ऑफरमध्ये लिहावा लागतो. ‘सध्या विचार नाही’ असं लिहिलंय का बघा.

मला सगळ्यात जास्त खटकतंय ते खरेदीदार पोलादवाला आहे हे. आज खाण खनिज खुल्या बाजारात विकते, नफा खाण कंपनीत पडतो आणि त्यात आपला वाटा असतो. उद्या तोच माल मालकाच्या कारखान्याला जाणार. टनाला २०० रुपये कमी लावले तरी साडेपाच लाख टनांवर वर्षाला ११ कोटी रुपये खाण कंपनीतून उचलून कारखान्यात गेले. तिथे आपण भागधारक नाही. डंपवरच्या मालाचा लोहांश एक टक्का कमी दाखवला तरी हाच खेळ होतो, आणि तो पकडणं अवघड.

यावर आपलं हत्यार एकच. संबंधित पक्षाशी होणाऱ्या मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते आणि त्या ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षाला मत देता येत नाही. निर्णय उरलेल्या लोकांच्या हातात असतो. ई-व्होटिंगची लिंक मेलवर येते आणि लोक ती जाहिरात समजून पुसतात. शेअर्स धरायचे असतील तर हे मत दरवेळी द्यायचं, नाहीतर विकून मोकळं व्हायचं. मधली वाट मला दिसत नाही.

शिवाय, ऑफरनंतर दोन वर्षं कंपनीची महत्त्वाची मालमत्ता विकायची असेल तर ते लेटर ऑफ ऑफरमध्ये आधी सांगितलेलं असावं लागतं, नाहीतर पोस्टल बॅलटने (भागधारकांच्या टपाली मतदानाने) विशेष ठराव. तुमची ती बॉक्साइटची लीज आणि बंदराजवळची जागा या संदर्भात बघा.

लहान भागधारकांना आपला एक संचालक निवडता येतो, कंपनी कायद्याचं कलम १५१. दर्शनी किमतीने २०,००० रुपयांपर्यंतचे शेअर्स असलेला तो लहान. १० रुपये दर्शनी असेल तर २,००० शेअर्सपर्यंत. हजार लहान भागधारक किंवा त्यांच्या एकूण संख्येचा दहावा हिस्सा, यातली जी संख्या कमी तेवढ्यांनी नोटीस द्यायची. कागदावर छान आहे, सह्या गोळा करायला बसलं की कळतं. पण चाकरमानी मंडळींचा मुंबईत एखादा गट जमत असेल तर अशक्य नाही.

समितीच्या ‘रास्त व वाजवी’ला मी फार वजन देत नाही. भाव नियमाने काढलेल्या किमान भावाइतका किंवा वर आहे, एवढंच बहुतेक वेळा त्यात म्हटलेलं असतं. ‘द्या’ असा तो सल्ला नव्हे.


ट्रंकेतले कागद (वेंगुर्ला)

कागदी ५०० वर मी लिहितो, कारण माझ्या मते तुमचा खरा घोळ तिथे आहे. ३०० वर तीन-चार हजारांचा प्रश्न आहे. ५०० वर सगळी रक्कमच अडकू शकते.

आधी हे शेअर्स अजून तुमच्या घरातल्यांच्या नावावर आहेत का ते बघा. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर कंपनी ते शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये टाकते. ट्रंकेत सर्टिफिकेट असलं तरी शेअर्स तिकडे गेलेले असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर फोलिओ नंबराने (कागदी शेअर्सचा कंपनीकडचा खातेक्रमांक) यादी असते. तिथे नाव दिसलं तर या ऑफरचा विचार सोडा, आयईपीएफ-५ अर्ज करून परत मिळवणं हे महिन्यांचं काम आहे.

मग सर्टिफिकेट उजेडात धरून दर्शनी किंमत वाचा. मधे कधी १० चे २ किंवा १ केले असतील तर जुना कागद रद्द झालेला असतो, आणि शेअर्सचा आकडाही ५०० नसून जास्त असतो. आपल्याकडच्या दमट हवेत टाचणीच्या गंजाने भोक पडलेलं किंवा वाळवीने कडा खाल्लेलं सर्टिफिकेट असेल तर आयएसआर-४ हा अर्ज भरून बदलून घ्यावं लागतं. लॅमिनेशन करू नका, कितीही मोह झाला तरी. चिकटपट्टीही नको.

जोडनावात एक धारक गेला तर हक्क हयात असलेल्याचा, म्हणजे तुमच्या आईचा. आरटीएकडे (कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) मृत्यू दाखल्याची प्रत, मूळ सर्टिफिकेट आणि आईचं केवायसी देऊन वडिलांचं नाव वगळून घ्यायचं. आयएसआर-१ मध्ये पॅन, पत्ता, बँक, आयएसआर-२ मध्ये बँक मॅनेजरने साक्षांकित केलेली सही, नामनिर्देशनासाठी एसएच-१३. हमखास अडतं ते इथे: १९९४ च्या अर्जावरची आईची सही मराठीत आणि बँकेतली इंग्रजीत, किंवा सर्टिफिकेटवर नाव आद्याक्षरांनी आणि पॅनवर पूर्ण. नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र लागतं. आयएसआर-२ वर मॅनेजरचा शिक्का असतो पण कर्मचारी क्रमांक राहतो, म्हणून परत येतं. तो तिथल्या तिथे लिहून घ्या.

आता ऑफर. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्स दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, बाजारात विकताही येत नाहीत. मात्र ओपन ऑफरमध्ये देता येतात. त्यासाठी ब्रोकरमार्फत बोली टाकायची, त्याच्याकडून टीआरएस ही पावती घ्यायची, आणि मूळ सर्टिफिकेट, सही केलेला एसएच-४ (हस्तांतराचा अर्ज), पॅनची स्वसाक्षांकित प्रत व पावती असं पाकीट आरटीएला पाठवायचं. बऱ्याच ऑनलाइन ब्रोकरांना कागदी बोली टाकायची सोयच नसते, तेव्हा गावातला जुना ब्रोकर शोधा.

मृत धारक असेल तर मृत्यूचा नोटरी केलेला दाखला जोडून टेंडर करता येतं असं लेटर ऑफ ऑफरमध्ये बहुधा लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सही जुळली नाही, केवायसी अपुरं राहिलं, की बोली नाकारली जाते आणि सर्टिफिकेट नोंदणीकृत टपालाने परत येतं. दहा दिवसांत दुसरी संधी मिळत नाही. म्हणून माझं मत: हे ५०० ऑफरमध्ये ढकलायची धावपळ नको. नाव वगळा, आईच्या एकट्या नावाने डिमॅट खातं उघडा, शेअर्स तिथे आणा, मग बाजारात जो भाव असेल तो. तुमच्या स्वतःच्या खात्यात आणायचा प्रयत्न केलात तर अर्ज फेटाळला जाईल. आधी आईच्या खात्यात, मग हवं तर बक्षीस म्हणून तुमच्याकडे.

किंमत मोजावी लागेल ती अशी: दीड-दोन महिन्यांनी भाव १२६ ला परतलेला असू शकतो. १४० च्या तुलनेत ५०० वर ७,००० रुपयांचा तोटा. तो मला मान्य आहे, कारण कागद एकदा नीट झाले की पुढचं सगळं सोपं होतं. ज्यांचे कागद आधीच स्वच्छ आहेत आणि खाणीवर विश्वास नाही, त्यांनी मात्र कागदी शेअर्स खुशाल टेंडर करावेत. त्यांना १५२ मिळणारच नाहीयेत.

कराचं फार अवघड नाही. बारा महिन्यांपेक्षा जास्त धरलेल्या शेअर्सच्या वर्षभरातल्या एकूण नफ्यावर सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. एक्स्चेंजच्या खिडकीतून टेंडर केलं तरी एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर) कापला जातो, त्यामुळे दर तोच. तुमचे ३०० गुणिले ६४, म्हणजे १९,२०० चा नफा. दुसरी विक्री नसेल तर कर शून्य. जुन्या ५०० साठी खरेदी किंमत १९९४ ची धरायची नाही. ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भाव आणि आजची विक्री किंमत यातला लहान आकडा, आणि तो मूळ किमतीपेक्षा मोठा असेल तर तोच खरेदी किंमत. तो भाव एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर मिळतो. मधे शेअरचं विभाजन झालं असेल तर त्या प्रमाणात कमी करून घ्या. इथे बरेच जण चुकतात.


डिमॅटवाला (कुडाळ)

भर घालतो. बाजारभाव खरंच १४० च्या खाली आला आणि ३०० टेंडर करायचे ठरले, तर आता शेअर्स तुमच्या खात्यातून निघत नाहीत, तिथेच त्यांच्यावर लियन लागतं, म्हणजे ते अडकवून ठेवले जातात. स्वीकारलेले तेवढेच जातात. लियन लागायला डीडीपीआय (ब्रोकरला दिलेली शेअर्स काढायची लेखी परवानगी) दिलेली असावी, नाहीतर ओटीपी किंवा टीपिनने मंजुरी द्यावी लागते. ॲपवर ‘विनंती मिळाली’ दिसतं आणि मंजुरी राहून जाते, हे फार होतं. तारण ठेवलेले शेअर्स चालत नाहीत, आधी सोडवून घ्या. पैसे टेंडरिंग संपल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेत यायला हवेत, उशीर झाला तर वर्षाला १० टक्के व्याज. बुडायची भीती नको, ऑफरच्या रकमेपैकी पहिल्या ५०० कोटींवर २५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर १० टक्के एस्क्रोमध्ये (या कामासाठीच्या राखीव खात्यात) आधीच ठेवावे लागतात.


मांडवीकाठ (रत्नागिरी)

ठरवलं असं: ३०० पैकी २०० बाजारात १५० च्या वर विकतो, १०० ई-व्होटिंग करण्यापुरते ठेवतो. आईच्या नावाने खातं उघडायला देतोय. आयईपीएफच्या यादीत फोलिओ नाही, दर्शनी किंमत १० आहे, विभाजन झालेलं नाही. सर्टिफिकेटं पाच आहेत, प्रत्येकी शंभरची. एकावर आईचं नाव माहेरचं आलंय.


ट्रंकेतले कागद (वेंगुर्ला)

माहेरचं नाव एकाच सर्टिफिकेटवर आहे ना, मग आधी आरटीएला फोलिओ नंबर देऊन त्यांच्या नोंदीत काय नाव आहे ते मेलने विचारा. बऱ्याचदा छपाईची चूक असते आणि नोंद बरोबर असते. नोंदीतही माहेरचं असेल तर कदाचित फोलिओच वेगळा असेल. तसं असेल तर दोन फोलिओंचे दोन वेगळे आयएसआर-१ लागतील, आणि विवाह प्रमाणपत्र नसेल तर राजपत्रातला नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र चालतं का, हे त्याच मेलमध्ये विचारून घ्या. पाचही सर्टिफिकेटांच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन काढून ठेवल्याशिवाय पाकीट टपालात टाकू नका, आणि स्पीड पोस्टने आरटीएच्या पत्त्यावरच पाठवा, कंपनीच्या सावंतवाडीच्या ऑफिसात नेऊन देऊ नका, तिथे ते नुसतं पडून राहतं.